पसंतीला नेलेला माल

दि. ३ नोव्हेंबर, सोमवार

ती. आत्यास,
ठकीचा सा. न. वि. वि.

आधी दुरुस्ती, मग खुशाली. पत्रात आपली चूक झाली असेल तर ती पहिल्याच परिच्छेदात सांगावी, खाली कोपऱ्यात दडवू नये, हे तूच मला शिकवलंस. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की बाबांनी व्हायोलिनच्या शिकवणीचं ते फुकटचं सदस्यत्व घेतलं आणि विसरून गेले. ते विसरले नव्हते. एक दिवसही विसरले नव्हते.

मागच्या वेळी मी घाईत आणि घाबरून लिहिलं होतं, म्हणून पुन्हा नीट सांगते. एक कंपनी टॅबवर घरबसल्या व्हायोलिन शिकवते. पहिला महिना फुकट, मग आवडलं तर पुढे. कार्डाचा नंबर मात्र पहिल्याच दिवशी द्यायचा. बाबांनी तो दिला. महिना संपला आणि त्यांच्या खात्यातून पैसे जायला लागले, ते थेट मी बँकेचा हिशेब पाहीपर्यंत जातच होते. टॅब उघडला तर एकही धडा पाहिलेला नाही. पहिल्या धड्यावरची ‘नवीन’ ही हिरवी चिठ्ठीसुद्धा तशीच. त्यावरून मी समजले की घेतलं आणि विसरले. तेच तुला लिहिलं आणि दादालाही.

काल आम्ही पुढच्या खोलीतली काचेची कपाटं पुसत होतो. दुकान बंद केलं तरी उरलेल्या चष्म्याच्या फ्रेमा बाबा दर रविवारी पुसतात, हे तुला माहीतच आहे. सहज विचारलं, की एवढं हौसेने घेतलंत तर एक धडा तरी का नाही पाहिलात. ठरलेल्या भावात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, पसंतीला आणलेला माल वापरत नसतात.

आत्या, तू दुकानात बसलेली आहेस, तुला हे लगेच कळेल. मला कळायला वेळ लागला. आपल्याकडून लोक दोन-तीन फ्रेमा घरी दाखवायला न्यायचे. नेलेल्या फ्रेमेत कोणी भिंगं बसवायची नाहीत, घालून गावभर मिरवायचं नाही, परत आणली तर ती कपाटातून काढली तशीच दिसली पाहिजे. बाबांनी फुकटचा महिना तसाच समजला. बोटं आता वळतील की नाही याची त्यांना खात्री नव्हती, म्हणून पसंत आहे असं ठरत नव्हतं. आणि ठरत नव्हतं म्हणून त्यांनी धडा उघडला नाही. दाढीवाल्या शिक्षकाचं चित्र तेवढं पाहिलं आणि टॅब मिटून ठेवला.

मी म्हटलं, पण पैसे जात होते ना. ते म्हणाले, ती अनामत. महागाची फ्रेम असली की आपणही ठेवून घ्यायचो. दर महिन्याला नवी अनामत घेतात म्हणजे कंपनी फारच संशयी दिसते, पण लांबची माणसं, आपल्याला ओळखत नाहीत, काय बोलणार. मग नको आहे असं कळवलं का नाही, या माझ्या प्रश्नाचं तर त्यांना नवलच वाटलं. आठवडाभरात फ्रेम परत आली नाही तर फोन कोण करायचं? दुकानदार. पसंत पडली का, की परत आणताय, असं बाबा स्वतः विचारायचे. गिऱ्हाईक गप्प आहे म्हणून विक्री मांडली, असं त्यांनी आयुष्यात केलं नाही. तेव्हा ते कंपनीच्या माणसाची वाट बघत होते. कोणी विचारलंच नाही.

मी शाळेत जायच्या आधी दुकानातल्या डोळे तपासायच्या तक्त्यावर अक्षरं शिकले, त्यामुळे शेवटची ओळ वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. कंपनीच्या अटींची शेवटची ओळ वाचली. मुदतीत नको म्हटलं नाही तर हवं आहे असं समजण्यात येईल. ‘चालू ठेवा’ हे बटण तळहाताएवढं आणि ‘बंद करा’ हे चौथ्या पानावर, राखाडीवर राखाडी. ते मी दाबलं, बँकेलाही पुढचे पैसे देऊ नका असं कळवलं. कंपनीला पत्र आणि ग्राहकांच्या तक्रारी घेतात त्या कार्यालयात अर्ज, हे दोन्ही मागच्याच आठवड्यात धाडले आहेत.

माझं काम ठीक. या आठवड्यात खोकल्याच्या औषधाची लेबलं तपासते आहे. घरी आल्यावरही बाटली दिसली की तारीख वाचते. तुझा गुडघा कसा आहे?

माया आहेच, तिला मुदत नसावी एवढं मागणं.

तुझी,
ठकी


दि. ८ नोव्हेंबर, शनिवार

चि. ठकीस,
अ. उ. आ.

दुरुस्ती पोचली. गुडघा जिथे होता तिथेच आहे, जिन्याने मात्र त्याच्याशी बोलणं टाकलं आहे.

तू गॅस बंद केला का हे बघायला तीन वेळा जिना चढून परत जाणारी मुलगी. आणि बापाच्या बाबतीत एक हिरवी चिठ्ठी पाहून निदान करून मोकळी झालीस. माझ्या वॉर्डात एखादी नवी नर्स ‘रुग्णाला भूक नाही’ असं लिहायची, का तर ताट तसंच राहिलं. मी तिला परत खाटेपाशी पाठवायचे. जाऊन विचार, मग लिही. कधी दात दुखत असायचा, कधी ताटच हाताला पोचत नसायचं, आणि एका बाईने तर नवऱ्यासाठी राखून ठेवलं होतं. तुझा बाप, आमचा बाळ, तसलाच. लहानपणी मी त्याला नवी वही दिली तर आवडली की नाही हे ठरेपर्यंत त्याने तिच्यावर नाव घातलं नव्हतं. वर्ष संपलं.

आता कामाचं. दुरुस्ती मला पाठवलीस, दादाला पाठवलीस का? नसणारच. तो रागावेल, तुझ्या शिकण्याचा खर्च त्याने केला, त्याला उलट कसं बोलायचं, वगैरे वगैरे. मला सगळं पाठ आहे. पण परवा त्याचा फोन आला होता. तो मुखत्यारपत्र करून घेतो आहे. म्हणजे बाळच्या खात्यावर यापुढे सही चालेल ती त्याची. मी कारण विचारलं तर त्याने तुझं वाक्य वाचून दाखवलं. दोनदा वाचलं.

मुलगा वाईट नाही. घाबरलाय. पण त्याच्या बायकोने मला एक गंमत सांगितली आहे. त्याने दोन वर्षांपूर्वी व्यायाम शिकवणारं असंच काहीतरी पंधरा दिवस फुकट म्हणून घेतलं. बूट अजून खोक्यात आहेत आणि पैसे दर महिन्याला जातात. त्याचं मुखत्यारपत्र कोणी घ्यायचं ते तू ठरव. मी सांगितलं असं म्हणू नकोस.

पत्र आवडलं नाही तरी जपून ठेव, आणि म्हातारीवर माया असू दे.

आत्या


दि. ११ नोव्हेंबर, मंगळवार

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र लिहायची सवय मोडली आहे, अक्षर सांभाळून घे. कागद पाठवायचेच होते, म्हणून चार ओळी.

सोबत मुखत्यारपत्राचा मसुदा आहे. बाबांना दाखवून ठेव. सहीसाठी मी शुक्रवारी, २८ तारखेला वकिलांना घेऊन येतो, तासाभराचं काम आहे. फोनवर मी बाबांना सगळं समजावून सांगितलं. ते काही बोलले नाहीत. हरकत असती तर बोलले असते, म्हणून पुढे गेलो.

तुला वाईट वाटेल हे माहीत आहे. पण विम्याच्या दाव्यांचं काम करताना मी हे रोज पाहतो. सुरुवात नेहमी लहानच असते. माणूस काहीतरी घेतो आणि विसरतो, मग कोणाला तरी नंबर सांगतो, मग घर जातं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या वडिलांचं असंच झालं. तू लिहिलंस, ‘घेतलं आणि विसरून गेले,’ ते वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही. तू तिथे एकटी सगळं बघतेस आणि मी इथून पैसे पाठवण्यापलीकडे काही करत नाही, याचीही लाज वाटली. निदान हे तरी माझ्याकडे घेतो.

कंपनीशी भांडत बसू नकोस. गेले ते गेले. तुझी तब्येत सांभाळ, वेळेवर जेव, लेबलं कारखान्यातच वाच.

भावावर लोभ ठेव, तो कागदपत्रं पाठवत असला तरी.

दादा


दि. १५ नोव्हेंबर, शनिवार

ती. ताईस,
बाळचा सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून लिहितो. मी बरा आहे.

मुलाने फोनवर ठकीचं पत्र वाचून दाखवलं. ठकी जे लिहिते ते तपासून लिहिते. त्यामुळे ऐकताना मलाही क्षणभर वाटलं, की विसरलोही असेन. मग आठवलं, की नाही. पण तेव्हापासून किल्ली खिशात असली तरी हात लावून बघतो. काल डोळ्यांवर चष्मा असताना चष्मा शोधत होतो. हे मी चाळीस वर्षं करत आलो आहे, या धंद्यातला प्रत्येक माणूस करतो, आणि दुकानात आम्ही त्यावर हसायचो. काल मात्र खाली बसलो.

कागदाचं विचारतेस. मी काही बोललो नाही हे खरं. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागेल. मग पोरीचं लिहिणं चुकलं हे तिच्या भावासमोर उघडं पडेल. तिला ते किती लागतं ते तुला माहीत आहे, एका लेबलावरचा ठिपका राहिला तर ती दोन दिवस जेवत नाही. तिने स्वतः सांगितलं तर गोष्ट वेगळी. मी कशाला सांगू. सही करून टाकीन. फक्त बँकेतली मुलगी मला साहेब म्हणते, ती आता काय म्हणेल एवढंच मनात येतं.

माझं जुनं व्हायोलिन माळ्यावरून काढलं आहे. तारा गंजल्या आहेत, लाकूड चांगलं आहे.

ठकीला यातलं काही कळवू नकोस. धाकट्यावर तुझी माया आहे, ती अशीच चालू राहो.

बाळ


दि. १८ नोव्हेंबर, मंगळवार

चि. ठकीस,
अ. उ. आ.

बाळने मला तुला काही कळवू नकोस असं सांगितलं आहे. मी काही कळवत नाही. त्याचं पत्र तेवढं सोबत जोडते.

आत्या


दि. २१ नोव्हेंबर, शुक्रवार

ती. दादास,
ठकीचा सा. न. वि. वि.

आधी दुरुस्ती. ही तुला अडीच आठवड्यांपूर्वीच जायला हवी होती. आत्याला पाठवली, तुला पाठवायचं धाडस झालं नाही. बाबा काही विसरले नव्हते. मी लिहिलेलं वाक्य चूक होतं.

त्यांनी फुकटचा महिना हा पसंतीला आणलेला माल समजला. तू दुकानात फ्रेमा बांधून दिल्या आहेस, फार सांगायला नको. पसंत ठरेपर्यंत वापरायचं नाही म्हणून धडा उघडला नाही. कापलेले पैसे ही अनामत आणि मुदत संपली की दुकानदार विचारायला येईल, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकला असं म्हण, मीही म्हणते. यापुढे असं होऊ नये म्हणून काय करायचं तेही त्यांच्याशी बोलले. पण जे माणूस विसरलं त्याचा हिशेब असा ओळीने लागत नाही.

तू लिहिलंस की कंपनीशी भांडू नकोस. तिचं उत्तर आलं आहे, ते वाच म्हणजे मी का ऐकत नाही ते कळेल. त्यांनी माझंच वाक्य मला परत पाठवलं आहे. आपल्या पत्रात म्हटल्याप्रमाणे आपले वडील सदस्यत्व रद्द करण्यास विसरले, आणि ग्राहकाच्या विसरण्यास कंपनी जबाबदार नाही. तरीही मोठ्या मनाने एका महिन्याचे पैसे परत देतो म्हणतात. सात दिवसांत तुमचं उत्तर आलं नाही तर हे तुम्हाला मान्य आहे असं धरण्यात येईल, असं खाली बारीक अक्षरात. मी त्याच दिवशी कळवलं, मान्य नाही.

मग रजा घेऊन तक्रारींच्या कार्यालयात गेले. माझ्यासमोर चार जण होते आणि दोघांची रड हीच, एकाला मासिकं येत होती आणि एकीला मांजराचं खाणं. तिचं मांजर कधीच गेलं होतं. तिथल्या बाई कडक आहेत, बोलताना मान वर करत नाहीत. त्यांनी सांगितलं की तक्रारीत दम आहे. फुकटची मुदत संपताना, पैसे घ्यायच्या आधी, कंपनीने स्पष्ट कळवायला हवं होतं. घेणं जितकं सोपं तितकंच सोडणंही सोपं ठेवायला हवं होतं. गप्प बसणं म्हणजे होकार नाही, आणि होकार मिळाला होता हे दाखवायची जबाबदारी कंपनीची, आपली नाही. मग अर्ज वाचता वाचता त्या थांबल्या आणि विचारलं, की वडील विसरले हे तुम्हाला कोणी सांगितलं. मी म्हटलं, कोणी नाही. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

त्यांचं म्हणणं असं, की खातं वडिलांचं, तर तक्रारही त्यांचीच. ते आपल्या सहीचा अर्ज देऊन स्वतः समोर बसून सांगू शकले, तर सगळ्यांत चांगलं. विसरलेल्या माणसाच्या वतीने मुलगी बोलते आहे यापेक्षा, मला कोणी विचारलंच नाही असं दुकानदार सांगतो आहे, हे जास्त टिकेल. त्याआधी खात्याचे अधिकार दुसऱ्या कोणाकडे गेले असतील तर कंपनीचा वकील तेवढंच धरून बसेल. म्हणेल, बघा, घरच्यांनाच त्यांचा भरवसा नाही. सुनावणी तुझ्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी आहे.

आता तुझ्या मसुद्याचं. दादा, तू लिहिलंस की बाबा काही बोलले नाहीत, हरकत असती तर बोलले असते. ते वाक्य मी कंपनीच्या उत्तराशेजारी ठेवून वाचलं. त्याहून जास्त काही लिहीत नाही. पहिली चूक माझी होती, तू माझ्यावर विश्वास ठेवलास.

मी मसुदा बाबांसमोर ठेवला आणि हवा आहे का ते विचारलं. ते भिंग पुसत राहिले. मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. संध्याकाळी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी खिडकीची कडी नीट लावली, ती नीटच होती. मग ते गप्प का आहेत हे मला माहीत असल्याचं मी सांगितलं. कसं माहीत ते विचारू नका म्हटलं. दादाला मी स्वतः माझी चूक लिहून कळवणार आहे, तेव्हा माझ्यासाठी राखण्यासारखं काही उरलेलं नाही, हेही सांगितलं. काल सकाळी मी पुन्हा मसुदा घेऊन गेले आणि दुकानातल्यासारखं विचारलं, पसंत आहे, की परत नेऊ.

ते म्हणाले, परत ने.

म्हणून तो सोबत परत पाठवते आहे. वापरलेला नाही, घडीही मोडलेली नाही.

तुझी काळजी खोटी नाही, हे बाबांनीच मला सांगितलं. त्यांनीच सुचवलं की बँकेचा प्रत्येक निरोप आपल्या तिघांच्या फोनवर यावा, आणि कार्डाचा नंबर कुठे द्यायचा झाला तर आधी ते आपल्यापैकी एकाला विचारतील. बदल्यात आपणही त्यांना विचारायचं, अशी त्यांची अट आहे. मी हो म्हटलं आहे, तुझ्या वतीने नाही, फक्त माझ्या. तुझं तू त्यांना सांग. आणि तुझ्याकडेही पंधरा दिवस फुकट म्हणून घेतलेलं काही चालू असेल तर एकदा बघ. कोणाकडून ऐकलं ते सांगणार नाही.

वकिलांना शुक्रवारी आणू नकोस. तू मात्र एक दिवस आधी ये. बाबा बोलतील, मी मागच्या बाकावर बसेन, तूही बस. ते कसं सांगतात ते मला ऐकायचं आहे. तू ऐकावंस असंही वाटतं. व्हायोलिनला नव्या तारा लावल्या आहेत. आवाज अजून भयंकर आहे, शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. शिकवणी कुठली घ्यायची ते ठरलेलं नाही. बाबांनी दोन शिक्षकांचे पत्ते काढले आहेत, चालत जाण्यासारखे.

रागावला असशील तर तसं लिही. तू गप्प राहिलास तर मी काहीच धरून चालणार नाही, पुन्हा विचारीन. लोभ आहे तो राहू दे.

तुझी,
ठकी

ता. क. विसरले म्हणून लिहिलेला माझा पहिला अर्ज अजून त्या कार्यालयात माझ्या नावाने पडून आहे. तो मी स्वतः मागे घेणार आहे, आणि मग त्या जागी बाबा आपल्या सहीचा अर्ज देतील. गुरुवारी, २७ नोव्हेंबरला, सुनावणीच्या आधी, कार्यालय उघडताच. तसं चालतं हे त्या बाईंना विचारून घेतलं आहे.